डोहाळ्याची खडशी

निघोजे, ता. २ डिसेंबर १९५६

चि. कौशल्या हीस दत्तोबाचा आशीर्वाद. माझं अक्षर पाहून दचकू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत.

कोंबडीवाला रहिमान काल पिंपरीचा बाजार करून परत चालला होता. माझ्या नावेत बसला, आणि नदीच्या मध्यावर आल्यावर म्हणाला, "दत्तोबा, पोरीला दिवस गेल्यात. सहावा लागलाय. डोहातली खडशी मासळी खावीशी वाटतीया म्हणं, मोठी, आन् ती बी तुझ्या हातची." काठावर सांगता आलं असतं. पण काठावर मी उठून गेलो असतो, आणि मध्यावर नाव सोडून मी कुठे जाणार? कोंबड्या विकून विकून माणूस हुशार झालाय.

तू आळंदीला जाऊन लग्न लावून घेतलंस त्याला दीड वर्ष झालं. एवढ्या काळात तुझी मला एक ओळ नाही, माझी तुला नाही. आजही लिहितोय ते फक्त डोहाळ्यांचं कानावर आलं म्हणून. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात असं तुझी आई म्हणायची. ती आज असती तर तिने मला घरात टेकू दिलं नसतं. ती नाही म्हणून तिचं काम मी करतोय, यापलीकडे या पत्राचा काही अर्थ काढू नये.

त्या माणसाबद्दल मला काही लिहायचं नाही. बीडकडचा आहे, कारखान्यात फिटर आहे, त्याचं गणगोत कुणी पाहिलेलं नाही, एवढं मला तेव्हा ठाऊक होतं आणि आजही तेवढंच ठाऊक आहे.

आता खडशीचं. तू भोयाची लेक आहेस, तुला हे सांगायला नको. थंडी पडली की मोठी खडशी डोहाच्या तळाला खडकाच्या कपारीत जाऊन बसते आणि नाकासमोर खाणं आलं तरी तोंड उघडत नाही. श्रावणात मागितली असतीस तर दोन दिवसांत आणली असती. पण लहानपणापासून तुझं असंच. बोरं संपली की बोरं पाहिजेत.

बघतो काय होतं ते.

दत्तोबा


निघोजे, ता. १४ डिसेंबर

चि. कौशल्या हीस आशीर्वाद.

खडशी मिळाली नाही. जाळं टाकलं ते तळच्या खडकाला अडकून फाटलं, ते शिवत दोन दिवस गेले. नाचणीच्या पिठाची गोळी लावून गळ टाकला तर शिंगटे आले, एक वाम आली. तू मोठी खडशी म्हणाली आहेस म्हणून ते सगळं सुभद्रावहिनीला देऊन टाकलं. ती म्हणाली, "भावजी, पोरीच्या निमतानं माझी चंगळ हाय."

इथे एक नवीन प्रकरण झालंय. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात यंत्रं बसवायला परदेशातून एक साहेब आलाय, हॅन्सन म्हणून. उंच, लालबुंद, डोक्यावर सोलाची टोपी. सुट्टीच्या दिवशी जीप घेऊन नदीवर येतो आणि मला नाव धरून उभं राहायला सांगतो. त्याच्या देशात बर्फातून वाहणाऱ्या नद्या आहेत म्हणे, आणि तिथे ट्राउट नावाचा मासा असतो. हा तो मासा भर थंडीत, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पकडतो. इथे ट्राउट नाही म्हटल्यावर कुणीतरी त्याला खडशीचं नाव सांगितलं.

त्याची काठी बघशील तर हसशील. बोटाएवढी बारीक, वाकवली तर टोकाला टोक लागेल. तिला फिरकी, फिरकीला जाड दोरा, दोऱ्याच्या पुढे नायलॉनचा केसासारखा धागा आणि त्याच्या टोकाला गळ. गळाला ना गोळी ना गांडूळ, नुसती पिसं बांधलेली. पाण्यात पडून मेलेल्या माशीसारखं दिसतं ते, आणि तो त्याला माशीच म्हणतो. पिसं रहिमानच्या कोंबड्याच्या मानेची आहेत. मी साहेबाला म्हटलं, आमची खडशी गाढव नाही, पिसं खायला. त्याला मोडकंतोडकं हिंदी येतं, तेवढं बरोबर समजलं. हसला फक्त.

मी त्याला पहाटे यायला सांगत होतो. तो म्हणाला, थंडीत पहाटे नाही, दुपारी. पाण्यावर ऊन येऊन जरा वेळ गेला की मासा हलतो. मी मनात म्हटलं, आम्ही सात पिढ्या या डोहावर आहोत आणि हा आम्हाला शिकवतोय.

त्या कारखान्यात ज्योतीराम नावाचा फिटर आहे का, असं मी बोलता बोलता विचारलं. सहज विचारलं. साहेब म्हणाला, आहे, हात चांगला आहे त्याचा.

प्रकृतीची काळजी घे. विहिरीवरून पाणी कोण आणतं?

दत्तोबा


निघोजे, ता. ३० डिसेंबर

चि. सौ. कौशल्या हीस आशीर्वाद.

वर सौ. लिहिलंय ते सुभद्रावहिनीने लिहायला लावलं. तिला वाचता येत नाही, पण मागच्या दोन पत्रांत ते नव्हतं हे तिने मला विचारून विचारून काढून घेतलं आणि मग माझ्याशी एक दिवस बोलली नाही. तर ते एक झालं.

साहेबाने खडशी पकडली. भर दुपारी, त्या पिसाच्या माशीवर. मी नाव धरून बसलो होतो आणि तोंडात मारल्यासारखा बघत होतो. तो माशी पाण्यात टाकून तशीच बुडू देतो, खोल, आणि मग दोरा इतका सावकाश ओढतो की आपल्याला वाटावं झोप लागली याला. ती माशी कपारीतल्या माशाच्या अगदी नाकावरून जाते. भूक नसली तरी त्याला राहवत नाही. दुपारचं त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि माझं पहाटेचं चुकलं, हे मी त्याला सांगितलं. सांगायला मला काही जड गेलं नाही. मासा मिळाला याच आनंदात होतो.

आणि मग त्याने काय केलं असेल? काठाला आणली, हाताने मोजली, फोटो काढला, गळ सोडवला, पाण्यात थोडा वेळ धरून ठेवली आणि सोडून दिली. मी नावेतून उडी टाकली, पण तोवर ती गेली. कौशल्ये, मी त्या परक्या माणसाला आपल्या भाषेत जे बोललो ते इथे लिहीत नाही. उपाशी माणसापुढे ताट मांडायचं आणि उचलून न्यायचं, ही कुठली रीत? तो म्हणाला, एवढी मोठी होईपर्यंत जगली, तिला मी मारत नाही.

मग मी त्याला तुझं सांगितलं. डोहाळे म्हणजे काय हे त्याला समजावताना माझ्या नाकी नऊ आले, पोटावर हात फिरवून दाखवायला लागलं आणि पलीकडे धुणं धुणाऱ्या बाया हसत होत्या. पण कळलं त्याला. म्हणाला, मी पकडून मारणार नाही, ते माझ्याच्याने होणार नाही. पण काठी देतो, शिकवतो. तुझ्या पोरीसाठी तू पकड, मग तू जाण आणि तुझी पोर जाणे.

म्हणून आता या वयात माझी शाळा सुरू झालीय. तो गळ लावू देत नाही. म्हणतो, आधी कोरड्यावर शीक. काल खळ्यात उभा राहून दोरा फेकत होतो. पहिला बाभळीत अडकला, दुसरा माझ्याच मुंडाशात. अर्धं गाव बघायला जमलं होतं. बघू दे.

तुझं उत्तर नाही. कामात असशील.

दत्तोबा


निघोजे, ता. १३ जानेवारी १९५७

चि. सौ. कौशल्या हीस,

उद्या संक्रांत. रहिमानच्या हाती तिळगूळ पाठवलाय.

हे तुला माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर नाही. लिहिता येत नाही म्हणावं तर तुला मीच लिहायला शिकवलं आहे, याच नावेत, पाटी मांडीवर घेऊन. चार शब्द लिहायला काय झालं? मिळालं, बरी आहे, एवढं तरी? मी काही भीक मागत नाही. मासा मागितला आहेस तर मागणारणीने एवढं तरी कळवावं, मीठमसाल्याची पाठवू की ताजी पाठवू. रागाने लिहितोय असं तुला वाटेल. रागानेच लिहितोय.

परवा वहिनीपाशी मी हेच बोललो. ती दळत होती. जातं थांबवून म्हणाली, "पोरीला आणायला जायला तुमास्नी मासा कशापायी पायजे? जावा की तसंच." मी म्हटलं, मी आणायला जाणार आहे असं कोण म्हणालं? मासा पोचवायला जाणार आहे. ती म्हणाली, "व्हय, आन् म्हणूनच मागली खोली सारवून घेतलीत."

खोली सारवली ते उंदीर झाले होते म्हणून. खाटेच्या दोऱ्या सैल झाल्या होत्या, त्याही आवळल्या. गाय व्यायला झालीय, पण ते आपलं आपण तिच्या वेळेला झालंय, त्यात माझा काही हात नाही.

तरी एक गोष्ट लिहून ठेवतो. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्यात आणतात, आठव्यात प्रवास करू देत नाहीत. तुझा सातवा आता निम्मा झाला असेल. आठवा लागल्यावर मग काही करता येणार नाही, तू तिथे आणि आम्ही इथे. सुभद्रावहिनीने निघोज्यातल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं केली आहेत. पिंपरीच्या त्या खोल्यांत तुझ्याजवळ कोण आहे मला माहीत नाही. विचार करून पाहावा.

साहेब महिनाअखेर त्याच्या देशी चाललाय. सुट्टीचा एकच दिवस उरलाय. त्या दिवशी तो मला गळ लावून काठी देणार आहे. आता दोरा मुंडाशात अडकत नाही.

दत्तोबा


निघोजे, ता. २२ जानेवारी

चि. सौ. कौशल्या हीस,

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

रविवारी दुपारी डोहाच्या वरच्या अंगाला, खडक पाण्यात उतरतो तिथे, मी मांडीएवढ्या पाण्यात उभा होतो. पाणी इतकं गार की पाय आपलेच आहेत का, हे बघावं लागत होतं. साहेब मागे काठावर बसलेला. माशी टाकली, बुडू दिली, ओढली. पुन्हा टाकली. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग दोरा थांबला. मला वाटलं खडकात अडकला. ओढला तर खडकच चालायला लागला.

आपल्या गळाला मासा लागला की आपण हिसका देतो. मी हात उचलला आणि मागून साहेब ओरडला, सोड, पळू दे. फिरकी गरागरा फिरली. ती खालच्या वळणापर्यंत गेली, मी तिच्या मागे पाण्यातून धडपडत गेलो, दोनदा पडलो. पळायची तेव्हा पळू दिली, दमायची तेव्हा ओढली. शेवटी ती आडवी होऊन काठाच्या वाळूवर आली. कौशल्ये, उभी धरली असती तर माझ्या छातीला लागली असती. खवले हाताच्या तळव्याएवढे, कडेला सोन्यासारखे. माझ्या उभ्या जन्मात अशी खडशी मी पाहिली नव्हती. तुला शेजारपाजाऱ्यांसकट चार दिवस पुरली असती.

मी कंबरेची सुरी काढली आणि तेव्हा मला आठवलं.

आपल्यात नव्या जाळ्याचा, नव्या गळाचा पहिला मासा आपला नसतो. तो डोहातल्या देवींचा, साती आसरांचा. हळद-कुंकू लावून परत सोडायचा. एरवी मी हे कधी चुकत नाही. नवं जाळं घेतलं की आधी उथळात एखादं बोटभर चिंगळं धरतो, सोडतो आणि मग कामाला लागतो. पण या वेळी तीन आठवडे बिनगळाचीच काठी हातात होती, सगळं ध्यान दोरा कसा पडतो त्यात, आणि गळ लागल्यावर डोळ्यांपुढे तूच. चिंगळं राहून गेलं. या काठीवर माझ्या हाताला लागलेला पहिला मासा ही खडशी होती.

मी खाली बसलो. पळवाटा खूप शोधल्या. काठी माझी नाही, साहेबाची आहे, साहेबाने तिच्यावर पहिला मासा सोडलेलाच आहे. पण साहेबाने सोडला तो त्याच्या मर्जीने, आसरांच्या नावाने नव्हे. आणि हात तर माझाच. तूच सांग, मी काय करणार? तू पोटुशी. पोटुशी बाई आणि आसरा, यांच्यामध्ये काही हुज्जत ठेवायची ही वेळ नव्हे. वेगळी कुठली वेळ असती तर कदाचित मी लबाडी केलीही असती.

गंमत अशी की साहेबच मला म्हणायला लागला, घेऊन जा, पोरीसाठी घेऊन जा, आज मी काही म्हणणार नाही. आणि मी त्याला नको म्हणत होतो. त्याला काहीच उमजेना.

साहेबाला तिला पाण्यात धरायला लावून जवळच्या झोपडीतून चिमूटभर हळद-कुंकू मागून आणलं, तिच्या कपाळाला लावलं आणि तिला पाण्यात धरून राहिलो. जराशाने शेपटी हलली. गेली. मी काठावर बसून रडलो. साहेबाने पाठीवर हात ठेवला. तोवर ऊन कलून गेलं होतं, पुन्हा दोरा टाकायची वेळ उरली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गळ टाकून बसलो, पण साहेबाची काठी त्याच संध्याकाळी त्याच्या सामानात गेली आणि माझ्या गोळीला कोण विचारतं? खडशी आता मिळायची नाही. तुझा डोहाळा माझ्याकडून पुरा झाला नाही. बाळाच्या कानांचं काय व्हायचं ते देवावर.

परवा सकाळी मी पिंपरीला येतोय. हात मोकळेच असतील. मासा पोचवायला येतो असं म्हणायची सोय उरलेली नाही, तेव्हा सरळच लिहितो. तुला न्यायला येतोय. चल म्हणालो तर नाही म्हणू नकोस. आणि म्हणायचंच असेल तर दारात म्हण, पत्रातून नको.

तुझा बाप,
दत्तोबा


निघोजे, ता. २९ जानेवारी

चि. ज्योतीराम यांस दत्तोबा भोई यांचा आशीर्वाद.

जावईबापू, कौशल्या सुखरूप पोचली. तुम्ही बैलगाडीत भाताचा पेंढा अंथरला होता म्हणून तिला धक्के लागले नाहीत. सुभद्रावहिनीने तिला ताब्यात घेतलंय आणि आता मला माझ्याच घरात विचारून आत जावं लागतं.

तुमच्या दारात जे झालं ते माझ्या मनातून जात नाही. मी उभा, ती उंबऱ्यात उभी. मी आधी तेच बोललो, मासा आणला नाही. ती म्हणाली, "बरं झालं. तिसऱ्यापासनं मला मासळीचा वास सोसत न्हाई." मला आधी काही कळेना. मग पाहिलं तर तुम्ही तिच्या मागे मान खाजवत भिंतीकडे बघत होता.

नंतर चहा पिताना तुम्ही जे सांगितलंत ते मी इथे वहिनीला जसंच्या तसं सांगितलं. "मामा, गूळपोळी खावीशी वाटती म्हनलं असतं तर तुम्ही रहिमानच्या हाती गूळ धाडला असता न् घरी बसला असता. म्हणून रहिमानजवळ निरोप धाडताना म्हनलं, जे सहजी घावत न्हाई तेच मागावं." वहिनी हसून हसून खाली बसली. मी मात्र हसलो नाही. सगळी थंडी मी गार पाण्यात पाय घालून उभा राहिलो ते तुमच्या एका थापेपायी. खवळायला हवं होतं. वाटेवर निम्म्या रस्त्यापर्यंत खवळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तुमचं गणगोत मी अजून पाहिलेलं नाही, पण आता त्याची काही घाई वाटत नाही.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून लिहितो. नावेत आम्ही दोघंच होतो. मी तिला विचारलं, तुला मासा नको होता, माझी पत्रं तर मिळत होती, मग एका ओळीने कळवलं का नाहीस? बाप म्हातारा झालाय, थंडीत कुडकुडतोय, हे वाचत होतीस की नाही? ती पाण्याकडे बघत म्हणाली, "नगं म्हणून कळवलं असतं तर तुमी लिव्हायचं थांबला असता."

मी वल्हं मारायचं विसरलो. नाव प्रवाहाबरोबर खाली गेली, पार डोहाच्या खालच्या वळणापर्यंत, आणि तिथून वर आणताना माझा घाम निघाला. काठावर वहिनी आमच्या नावाने ओरडत होती.

तुमची रजा कधी ते कळवा. सुट्टीच्या दिवशी सकाळीच निघा, म्हणजे जेवायला इथे पोचाल. मासे खात असाल तर तसं कळवा, नसाल तरी कळवा, वहिनी विचारतेय. बाळंतपणाच्या वेळी तुम्ही जवळ असावं असं कौशल्या म्हणाली नाही, पण मला तसं दिसलं.

ती आता माझ्या समोर खाटेवर बसलीय, काय लिहिताय म्हणून विचारतेय. तिला लिहायचं कारण उरलं नाही आणि मला तर सवय लागली, म्हणून आता तुम्हाला लिहितो. उत्तर मात्र पाठवा. तुमच्या बायकोसारखं करू नका.

दत्तोबा